वक्फ कायदा: आठ महिने चर्चा, आणि ऐनवेळची कलमं

जुम्म्यानंतर मशिदीबाहेर वक्फ कायद्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं, "रातोरात पास केला." हे अर्धंच खरं आहे. विधेयक ८ ऑगस्ट २०२४ ला लोकसभेत आलं आणि जगदंबिका पाल यांच्या अध्यक्षतेखालच्या ३१ खासदारांच्या संयुक्त समितीकडे गेलं. म्हणजे वेळ होता. घाई झाली ती शेवटी.

२७ जानेवारी २०२५ ला समितीने सत्ताधारी बाजूच्या १४ सुधारणा मान्य केल्या आणि विरोधकांच्या ४४ फेटाळल्या. पुढे ६५५ पानांचा अहवाल सदस्यांच्या हातात पडला तो आदल्या संध्याकाळी. २९ ला तो १५ विरुद्ध ११ मतांनी मंजूरही झाला. एका रात्रीत ६५५ पानं! माझ्याकडून तर वर्गाच्या वह्याही एका रात्रीत तपासून होत नाहीत.

समितीचा काहीच उपयोग झाला नाही, असंही नाही. आधीच नोंद झालेल्या 'वापरामुळे वक्फ' मिळकती कायम राहतील, हा बदल समितीतूनच आला. अर्थात, वादातल्या आणि सरकारी म्हटलेल्या मिळकती वगळून. लोकांनी समितीपुढे जाऊन म्हणणं मांडलं, म्हणून एवढं तरी झालं.

मात्र ३-डी आणि ३-ई ही कलमं मूळ विधेयकात नव्हती, समितीपुढेही नव्हती. मतदानाच्या वेळी ती आत आली, असं कपिल सिब्बल यांनी सुप्रीम कोर्टात मांडलं. त्यातलं ३-डी सांगतं की वक्फ जाहीर करताना जी वास्तू संरक्षित स्मारक होती, तिची घोषणा रद्द. आता मिरजेहून विजापूर काही लांब नाही. तिथली जामा मशीद संरक्षित स्मारक आहे आणि तिथे नमाजही होते. मग अशा ठिकाणच्या नमाजचं काय, हा साधा प्रश्न आहे. पुरातत्त्व खात्याचे अधिकारी समितीपुढे आले होते. हे कलम लेखी समोर असतं, तर मुतवल्लींना आणि त्यांना समोरासमोर बसवून तिथेच विचारता आलं असतं.

तो प्रश्न शेवटी कोर्टात गेला. १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात कोर्टाने ३-डी थांबवलं नाही. १९५८ च्या स्मारक कायद्यात रूढ धार्मिक वापराला मुभा आहे, याकडे कोर्टाने बोट दाखवलं. दिलासा आहे, पण वक्फचा दर्जा गेल्यावर देखभाल कुणाची, उत्पन्न कुणाचं, हे गावातला ट्रस्टी विचारणारच.

लोकसभेत २८८ विरुद्ध २३२, राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५, दोन्हीकडे मध्यरात्र उलटून गेलेली. लोकसभेच्या नियमात सुधारणेची सूचना एक दिवस आधी द्यायची असते, पण अध्यक्षांनी परवानगी दिली की उशिराचीही चालते. हीच फट आहे, आणि ती उद्या कुठल्याही कायद्याला वापरता येईल, शेतीच्या असो की शाळेच्या.

साताऱ्याचे उदयनराजे भोसले काय, सांगलीचे विशाल पाटील काय, कार्यक्रमात भेटले तर "मत कुणाला दिलं" एवढंच विचारू नका. त्या सुधारणांचा कागद तुमच्या हातात किती वाजता आला, तेही विचारा.