पिशाच्चाची कैफियत

गेल्या वर्षी एका वाचनालयात मी 'ड्रॅक्युला' मागितले, तेव्हा तिथल्या काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "कॉमर्सच्या मुलीने असली भुताखेतांची पुस्तके वाचून काय मिळवायचे?" त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. आज माझ्याजवळ दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर हिशेबाचे. ब्रॅम स्टोकर यांची ही कादंबरी १८९७ सालची. लोकांना तिच्यातले सुळे आणि वटवाघळे आठवतात. मला आठवते ते खरेदीखत. जोनाथन हार्कर हा तरुण ट्रान्सिल्व्हेनियातल्या गढीत जातो तो भूत पाहायला नव्हे, तर इंग्लंडातली एक मिळकत सरदार ड्रॅक्युलाला विकण्याची कागदपत्रे घेऊन. ड्रॅक्युला त्याला विचारतो, की तुमच्याकडे दोन वकील नेमता येतात का, एक पैशाच्या कामाला आणि दुसरा जहाजाच्या मालाला? पुढे मातीने भरलेल्या पन्नास पेट्या समुद्रमार्गे इंग्लंडात येतात, आणि नायक मंडळी त्या पेट्यांचा माग काढतात तो बीजके, पावत्या आणि हमालांच्या जबान्यांवरून! क्रूस आणि लसूण यांच्याइतकेच काम नीट ठेवलेल्या कागदांनी केले आहे. पुस्तपालनाच्या तासाला ही कादंबरी नेमायला हरकत नाही.

दुसरे उत्तर मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्यासाठी वाचकांना माझ्याबरोबर वारासिवनीला यावे लागेल.

वारासिवनी हे माझे आजोळ. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातले हे हातमागाचे गाव. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. आजोबांच्या घरातली मराठी मात्र जिथल्या तिथेच राहिली. आई अशी एका सीमेवरची आणि बाबा दुसऱ्या सीमेवरचे, बेळगावचे. मी मराठी शाळेत शिकले आणि कन्नड गल्लीत शिकले. सुट्टी लागली की आम्ही वारासिवनीला जात असू.

आजोळच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहत असे. आम्ही मुले तिच्या दारावरून जाताना श्वास रोखून पळत असू. आजी बजावायची, "नोको जाऊ बाई तिकडं. लेकरायचं रक्त शोषते ते." पुरावा काय? शेजारचा एक मुलगा. तो नेहमी पांढराफटक असे, त्याचे डोळे पिवळे दिसत, हातपाय इतके दुखत की रात्र रात्र रडे. अंगारे झाले, उतारे झाले. मुलाच्या अंगातले रक्त कुठे जाते हे कोणाला सांगता येईना, म्हणून ते म्हातारी पिते असे ठरले.

पुढे दवाखान्यात त्याचे रक्त तपासले तेव्हा कळले, की त्याला सिकलसेल आहे. मध्य भारतात, बालाघाट-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत, हा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. या आजारात ती विळ्यासारखी वाकते आणि दहा-वीस दिवसांत मरते. म्हणजे रक्त खरोखरच नाहीसे होत होते! फक्त ते पिणारे कोणी नव्हते. आईबाप दोघेही या दोषाचे वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. हा आजार संपवण्याची राष्ट्रीय मोहीम २०२३ सालच्या जुलैत सुरू झाली, तीही मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून.

ही हकीकत कळली त्याच सुट्टीत मी 'ड्रॅक्युला'च्या मागचा इतिहास वाचत होते, आणि मला गल्लीतली म्हातारी पानापानावर भेटू लागली. युरोपातले रक्तपिपासू पिशाच्च मुळात सरदार नव्हतेच. १७२५ साली सर्बियातल्या एका खेड्यात थोड्या दिवसांत बरीच माणसे दगावली, तेव्हा गावाने आधी मेलेल्या एका शेतकऱ्याचे प्रेत उकरले. तोंडाशी ताजे रक्त दिसले, म्हणून छातीत खुंटा ठोकून ते जाळले. प्रेत कुजताना आत वायू साठतो आणि रक्ताळ द्रव तोंडावाटे बाहेर येतो, हे तेव्हा कोणास ठाऊक होते? १८९२ साली अमेरिकेत, ऱ्होड आयलंडमध्ये, मर्सी ब्राउन या एकोणीस वर्षांच्या मुलीचे प्रेत उकरून तिचे काळीज जाळले गेले. त्या घरात एकामागून एक माणसे क्षयाने जात होती. 'ड्रॅक्युला' प्रसिद्ध होण्याच्या अवघी पाच वर्षे आधीची ही गोष्ट.

याच्या उलट साहित्यात काय घडले ते पाहा. १८१९ साली पॉलिडोरी या डॉक्टराने आपल्या कथेत पिशाच्चाला खेड्यातून उचलून उमरावांच्या दिवाणखान्यात बसवले. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाही लंडनमध्ये फिरतो. १९२२ च्या 'नोस्फेराटू' या मूकपटात तो सूर्यप्रकाशाने नाहीसा होतो. आणि २००५ च्या 'ट्वायलाइट'मध्ये त्याच उन्हात त्याची कातडी हिऱ्यासारखी चमकते आणि तो चक्क प्रियकर होतो! आपल्याकडे नारायण धारपांनी 'लुचाई'त त्याला मराठी वेश दिला. परंतु माझ्या मते खरा पालट झाला तो १९७६ साली. अ‍ॅन राइस यांच्या कादंबरीत पिशाच्च ध्वनिमुद्रण यंत्रासमोर बसते आणि स्वतःची कैफियत स्वतः सांगते. त्याचे ऐकताना वाचकाची भीती ओसरते आणि तिथे कणव येते.

आपल्याला हे नवे वाटायला नको. 'कथासरित्सागर' अकराव्या शतकातला, आणि त्यातला वेताळ राजाच्या खांद्यावरून बोलतो, न्यायाचे प्रश्न घालतो. रिचर्ड बर्टनने १८७० साली त्या कथा इंग्रजीत नेल्या आणि वेताळाला 'व्हॅम्पायर' म्हटले. पण आपला वेताळ, आणि आमच्या कन्नड मित्रमैत्रिणींचा बेताळ, ओळखला जातो तो त्याच्या बोलण्याने.

मग गल्लीतल्या वेताळाला आपण कधी बोलू दिले?

मागच्या दिवाळीत मी त्या म्हातारीच्या दारात गेले. छाती धडधडत होती, हे कबूल करते. तिने पाट दिला, गूळ-पाणी दिले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "माझे बी दोन लेकरं असेच दुखून दुखून गेले, बाई. कोनी मले इचारलंच नाही." तिच्या मुलांना काय झाले होते हे आता सांगता येणार नाही. पण ज्या दुःखाचा आळ तिच्यावर आला, तेच दुःख गल्लीत सर्वांच्या आधी तिच्या घरी येऊन गेले होते. आजीला हे सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी फराळाचे ताट झाकून माझ्या हाती दिले आणि म्हणाली, "देऊन ये तिले."

१७५५ साली ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीने आपला वैद्य व्हान स्विटेन याचा अहवाल वाचून पिशाच्चाच्या नावाने प्रेते उकरण्यास बंदी केली. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१३ साली आणि कर्नाटकात २०१७ साली जादूटोणाविरोधी कायदे झाले. कायदे हवेतच. पण कायदा गुन्हा घडल्यावर येतो. मुले ज्या दारावरून श्वास रोखून पळतात, ते दार त्याला दिसत नाही.

म्हणून वाचनालयातल्या काकांना माझे सांगणे आहे, की भुतांची पुस्तके आम्हाला खुशाल वाचू द्या. पुस्तकातले भूत कोणाचे घर जाळीत नाही. ते पुस्तकातच राहावे, हीच माझी मागणी आहे. आणि वाचकहो, सुट्टीत गावी जाल तेव्हा तुमच्याही गल्लीच्या टोकाला असे एखादे दार असेल, तर एकदा ते ठोठावून पाहा. आत बोलायला कोणीतरी केव्हाचे थांबलेले असेल.

— द्वितीय वर्ष, वाणिज्य