हुकमी गडी जायबंदी होतो तेव्हा



माणहून शिवाजीनगरकडे जाणाऱ्या मेट्रोच्या मार्गावर बालेवाडीची श्री शिवछत्रपती क्रीडानगरी लागते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ती उभारली गेली. २९ डिसेंबर २०२४ रोजी तेथे प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला आणि हरियाणाच्या संघाने पाटण्याच्या संघाला ३२-२३ असे हरवले. आधीच्या हंगामात अजिंक्यपद मिळवणारा पुण्याचा संघ मात्र आपल्या घरच्या मैदानावरील या सामन्यात नव्हता. बाद फेरीदेखील त्याला गाठता आली नव्हती. त्याचा कर्णधार अस्लम इनामदार गुडघ्याच्या दुखापतीमुळे हंगाम अर्ध्यावर सोडून बाहेर बसला होता. २०२३ च्या हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातला हा गडी. २०२५ च्या हंगामात तो पुन्हा कर्णधार म्हणून उतरला आणि त्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला.

अशा व्यावसायिक संघापाशी डॉक्टर असतात, व्यायामोपचार करणारे तज्ज्ञ असतात, गुडघ्याच्या आतले चित्र दाखवणारी यंत्रे जवळच्या रुग्णालयात असतात. माण, मारुंजी, हिंजवडी या पट्ट्यातील शाळा-महाविद्यालयांच्या संघांपाशी काय असते? एक क्रीडाशिक्षक, पाण्याची बादली आणि फार तर मलमाची एक नळी. आता अशी कल्पना करा, की तालुक्याचा अंतिम सामना आहे. तुमचा संघ दोन गुणांनी मागे आहे. सर्वांत चांगल्या चढाईपटूचा घोटा प्रतिपक्षाने पकडला, त्याचा गुडघा मुरगळला, तो खाली पडला. मग लंगडत उठला आणि म्हणाला, "सर, मी खेळतो." सरांनी काय करावे?

माझे उत्तर स्पष्ट आहे. सरांनी त्याला बाहेर बसवावे. सामना हातचा गेला तरी चालेल. हे उत्तर केवळ दयाबुद्धीने दिलेले नाही. त्याच्यामागे शरीरशास्त्र आहे, आणि ते समजून घेतले तर तुम्हालाही ते पटेल.

गुडघ्यात काय घडते?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड ही आपल्या शरीरातील सर्वांत लांब दोन हाडे. ती गुडघ्यात एकमेकांना भेटतात. त्यांना जागेवर धरून ठेवतात ते अस्थिबंध. त्यांपैकी दोन गुडघ्याच्या आत फुलीसारखे एकमेकांवरून गेलेले असतात. त्यातला पुढचा, ज्याला खेळाडू इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एसीएल' म्हणतात, जेमतेम तीन सेंटिमीटर लांब आणि सुमारे एक सेंटिमीटर रुंद असतो. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघ्याला नको तितका पीळ पडू न देणे, ही त्याची कामे.

न्यूटनचा गतीविषयक पहिला नियम तुम्ही शिकला आहात. चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतो तेव्हा त्याच्या साऱ्या शरीराला गती असते. नेमका त्या क्षणी घोटा पकडला गेला तर पाऊल थांबते, पण धड जडत्वामुळे पुढे जातच राहते आणि वळतेही. थांबलेले पाऊल आणि वळणारे धड यांच्या मधोमध असतो गुडघा. सारा पीळ त्याच्यावर येतो. मातीच्या मैदानात पाऊल थोडे घसरते आणि पीळ काही अंशी सुटतो. मॅटवर बुटाची पकड घट्ट असते. तीच पकड वेगाने पळायला मदत करते आणि तीच कधी घात करते.

अस्थिबंध तुटताना पुष्कळदा 'फट्' असा आवाज जाणवतो. सांध्यात रक्त साचून काही तासांत गुडघा टरारून सुजतो. यापुढची गोष्ट मात्र फसवी आहे. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, वेदना कमी होते आणि मुलगा चालू लागतो. घरचे म्हणतात, "बरा झाला." प्रत्यक्षात तुटलेला बंध सहसा आपण होऊन पूर्ववत जुळत नाही. बंध नसलेला गुडघा धावताना एकाएकी निसटतो. अशा वेळी दोन हाडांमधील कूर्चेची गादी चिरडते. या गादीच्या आतल्या भागाला रक्तपुरवठा नसल्याने तेथील जखम भरून येत नाही. म्हणजे पहिली दुखापत अपघात असली, तरी दुसरी बहुधा घाईने ओढवून घेतलेली असते.

कबड्डीत बाद झालेला गडी आपल्या संघाने गुण मिळवताच पुन्हा जिवंत होऊन आत येतो. गुडघ्याचा अस्थिबंध असा जिवंत होत नाही. शस्त्रक्रियेत खेळाडूच्याच शरीरातील स्नायूची दोरी घेऊन नवा बंध बसवतात. पण त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरून तो मजबूत होण्यास बरेच महिने लागतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील एका अभ्यासात असे दिसले, की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके लांबवावे, तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका दर महिन्यामागे जवळजवळ निम्म्याने घटतो. थांबणे हाही उपचाराचाच भाग आहे, तो असा.

"दुखतंय का?" हा प्रश्न अपुरा का?

मैदानावर पडलेल्या मुलाला आपण पहिला प्रश्न विचारतो, "दुखतंय का?" आणि त्याच्या उत्तरावर विसंबतो. पण चुरशीच्या सामन्यात शरीरात ॲड्रिनॅलिन आणि वेदना दडपणारी इतर द्रव्ये स्रवत असतात. त्यामुळे मोठी इजा होऊनही वेदना तेवढी जाणवत नाही. तापमापीवर बर्फ ठेवून ताप मोजावा, तसाच हा प्रकार.

डोक्याला मार लागला असेल तर ही अडचण दुप्पट होते. कवटीच्या आत मेंदू द्रवात तरंगत असतो. डोके जोराने आदळले की मेंदूला हादरा बसतो आणि काही काळ त्याचे काम बिघडते. शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. मुलगा गोंधळतो, गुण किती झाले ते विसरतो, त्याला अंधारी येते, मळमळते. "मी ठीक आहे का?" हे ठरवायचे कोणी, तर त्याच हादरलेल्या मेंदूने! त्याचा निवाडा कसा मानावा?

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात २००६ साली झॅकरी लिस्टेड नावाच्या १३ वर्षांच्या फुटबॉलपटूच्या डोक्याला मार लागला. तो थोडा वेळ बाहेर बसला आणि उत्तरार्धात परत खेळला. सामना संपताच तो कोसळला. मेंदूवर शस्त्रक्रिया करून त्याचे प्राण वाचले, पण साध्यासाध्या हालचाली पुन्हा शिकण्यात त्याची कित्येक वर्षे गेली. २००९ मध्ये त्या राज्याने त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी मुलाला खेळातून काढायचे आणि जाणकार वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही. पुढे अमेरिकेतील सर्व राज्यांनी असे कायदे केले. उत्तर आयर्लंडमध्ये २०११ साली बेन रॉबिन्सन हा १४ वर्षांचा मुलगा शाळेच्या रग्बी सामन्यात डोक्याला एकाहून अधिक वेळा मार लागूनही खेळत राहिला आणि दगावला. पहिल्या हादऱ्यातून मेंदू सावरण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित का होईना, मेंदूला वेगाने सूज येते. वाढीच्या वयात हा धोका विशेष असतो. क्रिकेटनेही १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत, मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू खेळवण्याची मुभा दिली.

पहिली पाच मिनिटे

काही प्रसंग तर बाहेर बसवण्याइतकाही वेळ देत नाहीत. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो संघाचा ब्राझीलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याने मोहन बागानविरुद्ध आपला दुसरा गोल केला. त्याच वेळी त्याची गोलरक्षकाशी टक्कर झाली. तो पडला तो उठलाच नाही. मैदानावरील वैद्यकीय तयारी अपुरी होती, अशी टीका तेव्हा झाली. याच्या उलट, १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनला डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन सामना चालू असताना हृदय थांबून कोसळला. त्याच्या छातीवर लगेच दाब देण्यात आले, विजेचा धक्का देणारे यंत्र वापरले गेले आणि तो वाचला. पुढे तो खेळलादेखील.

दोन्ही प्रसंग सारखे होते असे मी म्हणत नाही. पण हृदय थांबल्यावर मदतीविना गेलेल्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते, हे वैद्यकाने दाखवून दिले आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका हिंजवडीच्या वाहतुकीतून वाट काढत येईपर्यंत मैदानावरच्या माणसांनीच काहीतरी करायचे असते. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देणे ही कला शाळेत शिकवता येते. क्रीडाशिक्षकाला ती आलीच पाहिजे. खरे तर नववी-दहावीच्या मुलांनाही यावी.

मग दोष प्रशिक्षकाचाच का?

येथे एक फरक ध्यानात घ्या. खेळात दुखापत होणे हा प्रशिक्षकाचा अपराध नव्हे. ज्यात धक्का लागत नाही अशी कबड्डी नाही आणि जी कोणी पडल्याशिवाय होते अशी कुस्ती नाही. पण दोन गोष्टी प्रशिक्षकाच्या हातात असतात: दुखापतीच्या आधीचे महिने आणि दुखापतीनंतरची दहा मिनिटे. उड्या मारून गुडघे वाकवत उतरणे, तोल सांभाळणे, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळ देणे, असा वीस मिनिटांचा सराव जागतिक फुटबॉल संघटनेच्या मदतीने तयार झाला आहे. नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या संघांवर तो आजमावून पाहिला तेव्हा दुखापतींचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटले, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. त्याला पैसा लागत नाही, लागतो तो नियमितपणा. ज्याने हा सराव करून घेतला नाही आणि लंगडणाऱ्या मुलाला पुन्हा आत पाठवले, त्याला 'नशीब' म्हणून हात झटकता येणार नाहीत.

तरीही सारा भार त्या एकट्यावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. एका सामन्यावर एखाद्या घराची आशा टांगलेली असते. ज्या घराची शेतजमीन औद्योगिक वसाहतीत गेली, तेथील मुलाला पोलिसात किंवा रेल्वेत नोकरी मिळणे ही काही लहान गोष्ट नव्हे. मुलगा "खेळतो" म्हणतो तो हट्टाने नव्हे, तर त्याला हे सारे ठाऊक असते म्हणून. आणि प्रशिक्षकाचीही किंमत मोजली जाते ती जिंकलेल्या ढालींवरून. ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याच्यावरच तटस्थ निर्णयाची जबाबदारी टाकायची, ही रचनाच सदोष आहे.

म्हणून नियम आधी ठरवावेत, सामना रंगात आल्यावर नव्हे. माझ्या मते प्रत्येक शाळेने हंगामाच्या सुरुवातीला चार गोष्टी लिहून पालकांच्या बैठकीत वाचाव्यात. डोक्याला मार लागला किंवा गुडघ्यावर नीट भार देता येईना, तर त्या दिवशी खेळ बंद. परत घ्यायचे ते डॉक्टरांच्या लेखी परवानगीनेच. दुखऱ्या सांध्याची मालिश नाही, ओढाताण नाही. बर्फ कापडात गुंडाळून लावायचा, पाय उंच ठेवायचा आणि रुग्णालय गाठायचे. आणि चौथी, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: जायबंदी खेळाडूचे नाव संघातून काढायचे नाही. बाहेर बसल्याने जागा जाते, ही भीती असेल तोवर मुले वेदना लपवणारच.

तुमच्यापैकी काहींना वाटेल, की अशाने संघ हरेल. हरेलही एखादे वेळी. पण पुढच्या वर्षी सामना पुन्हा होतो आणि ढाल पुन्हा जिंकता येते. सोळाव्या वर्षी निकामी झालेला गुडघा मात्र साठाव्या वर्षापर्यंत वागवावा लागतो. तेव्हा तुमच्या क्रीडाशिक्षकांनी उद्या एखाद्या हुकमी गड्याला बाहेर बसवले, तर बाजूने ओरडू नका. तुम्ही स्वतःच तो गडी असाल, तर "सर, मी खेळतो" म्हणण्याआधी खरे काय होते आहे ते त्यांना सांगा. आणि शिक्षकहो, त्याने सांगितले नाही तरी तुम्ही ओळखा.