शेगडी पेटवा, पण अंगणात!

घरोघरी गॅस आला, तरी थंडीची चाहूल लागली की माळ्यावरची शेगडी खाली उतरतेच. कुठे बाळ-बाळंतिणीला शेक द्यायचा असतो, कुठे वांगी भाजायची असतात. शेगडीवर भाजलेल्या वांग्याच्या भरताची सर गॅसवरच्या भरताला येत नाही, हे कोणतीही गृहिणी मान्य करील. पण रोजचा संबंध सुटल्याने शेगडी पेटवण्याची रीत मात्र नव्या घरांतून विसरली गेली आहे. मग दमट कोळसे, बाटलीभर रॉकेल आणि घरभर धूर!

शेगडी पेटवावी ती अंगणात किंवा गच्चीवर. आधी जाळीखालची जुनी राख काढून टाकावी. जाळी बुजलेली असली की खालून वारा मिळत नाही, आणि कितीही फुंकले तरी विस्तव धरत नाही. जाळीवर कागदाचा बोळा, त्यावर नारळाचे सोडण, करवंटीचे तुकडे व बारीक काटक्या रचाव्यात. काटक्यांनी पेट घेतला की बारीक, कोरडे कोळसे मूठ-मूठ घालावेत, मोठे शेवटी. शेगडीचे खालचे तोंड वाऱ्याकडे ठेवले तर पंख्याने वारा घालण्याचे कष्टही वाचतात. विस्तव मंद वाटला म्हणून वरून रॉकेल ओतू नये. निखाऱ्यांवर त्याची वाफ होते आणि भडका थेट बाटली धरलेल्या हातापर्यंत येतो.

धूर संपला, निखारे लाल झाले, की शेगडी खोलीत आणायला हरकत नाही, असा पुष्कळांचा समज असतो. खरा धोका इथेच आहे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. झोपलेल्या माणसाला तर काही कळतच नाही. दिल्ली, पंजाब, काश्मीरकडे अंगीठी पेटती ठेवून बंद खोलीत झोपलेली कुटुंबेच्या कुटुंबे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. बंद न्हाणीघरातला पाण्याचा बंबही तितकाच घातक.

डोके जड होणे, मळमळणे, गरगरणे ही पहिली लक्षणे. घरातल्या सगळ्यांचेच डोके एकदम दुखू लागले, तर ते थंडीने दुखते आहे असे समजून पांघरूण ओढून घेऊ नये! दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे. कोणी बेशुद्ध असेल तर त्याला बाहेर काढून तडक रुग्णालयात न्यावे. तिथे प्राणवायू दिला जातो. कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये.

बाळंतिणीच्या खोलीत तर शेगडी नेऊच नये, मग आजीबाई कितीही रागावोत. बाळाला टोपडे-मोजे घालून, आईच्या कुशीत उघड्या अंगाशी धरून वरून पांघरूण घातले की छान ऊब मिळते. खोलीत थोडी हवा खेळती असली तरी चालते.

काम झाल्यावर निखारे बाहेरच पाणी शिंपडून पुरते विझवावेत. वरवर गार दिसणाऱ्या राखेतही विस्तव तासन् तास जिवंत राहतो, म्हणून ती प्लॅस्टिकच्या बादलीत भरू नये. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी चाळून भांडी घासायला घ्यावी.