लढाईवरून परतलेला जवान कोणाचा?



कामगाराने संप केला की मालक पहिली हाक पोलिसाला मारतो. पोलीस पुरा पडला नाही, की दुसरी हाक देशाच्या नावाने मारतो. "तिकडे जवान रक्त सांडतोय आणि हे इथे काम बंद पाडतात! हे देशद्रोही!" एवढी हाकाटी झाली की भले भले कामगार मान खाली घालतात. ही हाकाटी काही आपल्याकडेच निघालेली नाही. अमेरिकेत १९१९ साली तिने एका गावात पाच माणसांचा जीव घेतला. ती हकिगत कामगाराने नीट समजून घ्यावी अशी आहे.

१९०५ साली शिकागो शहरात 'इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड' नावाची युनियन निघाली. तिच्या सभासदांना लोक 'वॉब्ली' म्हणत. त्या काळच्या बड्या युनियन कसबी कारागिरांपुरत्या होत्या. बिगारी, परदेशातून आलेला, काळ्या कातडीचा, यांना तिथे बहुतेक दार बंदच. वॉब्लींनी सांगितले, घाम गाळतो तो आपला; रंग, भाषा, धर्म विचारायचा नाही. १९१२ साली लॉरेन्स गावच्या कापड गिरण्यांत कायद्याने आठवड्याचे तास ५६ वरून ५४ झाले, तेव्हा मालकांनी लगेच तेवढा पगार कापला. वीस हजारांवर कामगार बाहेर पडले. बायका पुढे होत्या, भाषा तर वीसेक बोलल्या जात होत्या. दोन महिने टिकून त्यांनी पगारवाढ मिळवली. तो लढा याच युनियनने चालवला होता. म्हणजे साच्यावर आणि मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाला ही युनियन परकी नाही.

आता अमेरिकेच्या पश्चिम टोकाला चला. वॉशिंग्टन राज्यात सिअ‍ॅटल आणि पोर्टलंड या शहरांच्या दरम्यान सेंट्रालिया हे गाव आहे. भोवती जंगल, गावात लाकूड चिरण्याच्या गिरण्या. लाकूडतोड्याचे हाल काय सांगावेत! दहा-दहा तास काम, ओल्या कपड्यांनी कोंदट खोपटात झोप, आणि स्वतःचा बिछाना स्वतःच्या पाठीवर घेऊन कामाच्या शोधात फिरायचे. १९१७ च्या उन्हाळ्यात या लोकांनी आठ तासांसाठी संप केला. तेव्हा महायुद्ध चालू होते. विमानांना लाकूड हवे होते. मालक ओरडले, हा संप म्हणजे शत्रूला मदत! सरकारने लष्कराच्या तुकड्या जंगलात कामाला लावल्या, युद्धाला पाठिंब्याची शपथ घेणारी एक सरकारी संघटना काढली, आणि शेवटी १९१८ साली आठ तासही दिले. मागणी खरी होती म्हणूनच ती मान्य करावी लागली. पण मागणी करणारे मात्र देशद्रोही ठरले ते ठरलेच. त्याच वर्षी शिकागोच्या कोर्टात या युनियनच्या शंभराच्या आसपास पुढाऱ्यांना युद्धविरोधाच्या आरोपाखाली शिक्षा झाल्या.

सेंट्रालियात १९१८ साली रेड क्रॉसची मिरवणूक निघाली होती. त्या मिरवणुकीतला जमाव युनियनच्या कचेरीत घुसला. सामान बाहेर काढून जाळले, माणसांना मारहाण करून गावाबाहेर नेऊन सोडले. कोणावर खटला झाला नाही. पुढल्या वर्षी युनियनने रॉडरिक हॉटेलात नवी जागा घेतली. गावात कुजबुज सुरू झाली की ११ नोव्हेंबरला, युद्ध थांबल्याच्या पहिल्या वाढदिवशी, मिरवणूक निघेल आणि ही कचेरीही साफ होईल. युनियनने पत्रक काढून गावकऱ्यांना विनवले, की आम्हांला न्यायाने वागवा. वकिलाला विचारले. वकील एल्मर स्मिथ म्हणाले, आपल्या जागेचे रक्षण करण्याचा तुम्हांला हक्क आहे. मग काही जण बंदुका घेऊन कचेरीत बसले, काही समोरच्या इमारतीत आणि टेकडीवर.

११ नोव्हेंबर १९१९. मिरवणुकीत 'अमेरिकन लीजन' ही माजी सैनिकांची संघटना होती. ती त्याच वर्षी स्थापन झालेली. कचेरीजवळ त्यांची रांग थांबली. आधी कचेरीवर धाव गेली की आधी गोळी सुटली, यावर शंभर वर्षे वाद चालला आहे. लीजन म्हणते, आम्ही रांगेत उभे असता गोळ्या आल्या. पण मिरवणुकीतल्याच एका डॉक्टरने चौकशीत सांगितले की आधी दाराला पाय लागला, मग गोळी आली. काही असो, चार माजी सैनिक मेले. त्यांतला एक वेस्ली एव्हरेस्ट या वॉब्लीचा पाठलाग करताना नदीकाठी पडला. एव्हरेस्टला पकडून तुरुंगात घातले. रात्री गावातले दिवे गेले, जमाव तुरुंगात शिरला, त्याला बाहेर ओढून नेला आणि शेहेलिस नदीच्या पुलावरून फासावर लटकवला. आणि हा एव्हरेस्ट कोण? त्यानेही अंगावर लष्कराचा गणवेश घातला होता! विमानाचे लाकूड तोडणाऱ्या लष्करी तुकडीत त्याने नोकरी केलेली होती. जवानाच्या नावाने ओरडणाऱ्या झुंडीने एका जवानालाच फासावर दिले.

पुढे न्याय कसा झाला तेही ऐका. १९२० साली माँटेसानो गावी खटला चालला. कोर्टाबाहेर लष्कराचा तळ, आत गणवेश घालून बसलेले लीजनचे लोक. सात कामगारांना २५ ते ४० वर्षांची शिक्षा झाली. ऐकायला बसलेल्या सहा युनियनवाल्यांच्या 'कामगार ज्युरी'ने त्यांना निर्दोष ठरवले होते. पुढे खऱ्या ज्युरीतल्या काहींनीही लिहून दिले की सारे समजले असते तर आम्ही दोषी म्हटले नसते. एक कैदी तुरुंगातच वारला. रे बेकर या कैद्याने अटींवर सुटका नाकारली. तो १९३९ साली सुटला. आणि एव्हरेस्टच्या फाशीबद्दल? एकालाही शिक्षा नाही. खटलासुद्धा नाही. १९२४ साली गावच्या बागेत चार माजी सैनिकांच्या स्मरणार्थ पुतळा उभा राहिला. एव्हरेस्टचे चित्र त्याच गावातल्या एका भिंतीवर रंगले ते १९९७ साली.

आपल्यातले काही तरुण म्हणतील, वॉब्लींनी बरोबर केले, मार खायचा किती? स्वतःचे रक्षण हा हक्क आहे, हे मलाही मान्य आहे. पण हक्क असणे वेगळे आणि शहाणपण असणे वेगळे. बंदुका टेकडीवर ठेवल्या त्या दिवशी मालकाचे काम सोपे झाले. काल आग लावणारे कोण होते हे लोक विसरले, आज गोळी घालणारे कोण एवढेच लक्षात राहिले. वॉब्लींची मोठी चूक बंदुकीहून आधीची होती. लढाईवरून घरी आलेल्या पोरांपर्यंत मालक आधी पोचला, युनियन पोचली नाही.

ती पोचली असती का? पोचली असती. याचा पुरावा त्याच राज्यात, त्याच वर्षी आहे. फेब्रुवारी १९१९ मध्ये सिअ‍ॅटल शहरात जहाजबांधणी कामगारांच्या पाठिंब्यासाठी सुमारे ६५ हजार कामगारांनी सार्वत्रिक संप केला. दुधाची सोय, जेवणाची सोय युनियननी केली. आणि शहरात शांतता कोणी राखली? युनियनमधल्या माजी सैनिकांनी! त्यांचे पथक काढले होते, हातात काठी नाही की बंदूक नाही. ते नुसते लोकांना समजावीत फिरत. संप पाच-सहा दिवस चालला, रस्त्यावर मारामारी झाली नाही. तोच जवान, तेच राज्य, मध्ये महिने नऊ. एका ठिकाणी तो संपाचा राखणदार, दुसऱ्या ठिकाणी युनियन मोडायला आलेल्या रांगेत.

आणि मालकाच्या सरकारला जवानाचे प्रेम किती? १९३२ साली मंदीत बेकार झालेले हजारो माजी सैनिक आपल्या हक्काचा बोनस मागायला अमेरिकेच्या राजधानीत गेले. २८ जुलैला पोलिसांच्या गोळीने त्यांतले दोघे पडले, आणि लष्कराने रणगाडे आणि अश्रुधूर आणून बाकीच्यांना हुसकले, त्यांच्या झोपड्या पेटल्या. भाकर मागितली त्या दिवशी वीराचा उपद्रवी झाला!

आपल्या मुंबईने याहून चांगला दाखला दिला आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले. लोकांनी त्यांना अन्न पोचवले, आणि २२ तारखेला गिरणगाव त्यांच्या पाठीशी उभे राहिले. परळ-लालबागेत इंग्रजाच्या गोळीने माणसे पडली, पण नाविक आणि कामगार एकमेकांवर उठले नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही आपल्याला गुंड म्हटले गेले. शंभरावर हुतात्मे दिले तेव्हा १ मे १९६० उजाडला.

म्हणून सांगतो. सातारा, कोल्हापूर, कोकणातल्या एकेका घरातून एक भाऊ पलटणीत गेला आणि एक गिरणीत आला, हे आपल्याला ठाऊक आहे. तो भाऊ रजेवर आला, पेन्शनीवर आला, तर त्याला युनियनच्या सभेला न्या. कामगाराचा पगार किती, कपात किती, मागणी काय, हे त्याला आकड्यांनिशी सांगा. त्याचे पेन्शन अडले तर आपल्या युनियनने अर्ज लिहून द्यावा. हे काम संपाच्या दिवशी होत नाही, आधी करावे लागते. उद्या कोणी झेंडा दाखवून त्याला आपल्यावर सोडू पाहील, तेव्हा तो म्हणाला पाहिजे, "तो माझा भाऊ आहे. बाजूला व्हा."

कामगार-शेतकरी-जवान एकजुटीचा विजय असो!
संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांना लाल सलाम!