कामगाराची खाट कोणाच्या नावावर?

चाकण, भोसरी, रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यांत पोटासाठी येणाऱ्या तरुणांना राहण्याची जागा मोबाईलवरूनच राखून ठेवता यावी, भाडे, अनामत आणि मुदत या गोष्टी त्यांना आधीच उघड दिसाव्यात आणि दलालाचे उंबरठे झिजवण्याचा त्रास वाचावा, ही सूचना आता वरचेवर कानी येऊ लागली आहे. तिच्या हेतूविषयी कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती तिच्या अंमलबजावणीच्या प्रचलित कल्पनेविषयी. हॉटेलची खोली राखून देणारे जे ॲप आपण सारे वापरतो, त्याचाच रंग थोडा पालटून, भाषा थोडी सोपी करून ते कामगारांपुढे ठेवले की कार्यभाग साधला, असे मानणाऱ्यांनी कामगार राहतो कसा, याची चौकशीच केलेली नसते.

हॉटेलचा हिशेब खोलीवर आणि रात्रीवर चालतो. कामगाराचा खाटेवर आणि महिन्यावर. पुण्याच्या पेठांतील वाड्यांच्या दारांवर ‘कॉट बेसिस’ची पाटी दिसे, तीच वहिवाट पुढे कारखान्यांच्या आसपास पसरली आणि भूसंपादनातून वाचलेल्या जमिनीच्या तुकड्यांवर शेतकऱ्यांनी उभारलेल्या पत्र्याच्या चाळींत एकाच खाटेवर दिवसपाळीचा एक आणि रात्रपाळीचा दुसरा, असे दोन इसम आळीपाळीने झोपू लागले. अशा माणसाला ॲप प्रथम विचारते काय, तर आगमनाची तारीख आणि निर्गमनाची तारीख! निर्गमनाची तारीख त्याच्या ठेकेदारालाही ठाऊक नसते. उलट ज्या गोष्टींची माहिती त्याला घर सोडण्यापूर्वी हवी असते, म्हणजे पाणी किती वाजता येते, संडास किती जणांत एक, शेगडी पेटवू देतात का, कंपनीची बस कोणत्या चौकात थांबते, रात्रपाळी करून आलेल्याला भर दुपारी पत्र्याखाली डोळा लागेल इतका वारा मिळतो का, त्यांच्यासाठी तेथे रकानाच नसतो. गुळगुळीत फरशीचे छायाचित्र मात्र असते.

या बाबतीत आपल्याच इतिहासात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी भाड्याने घेतलेल्या खोल्या असत. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच वळकटीवर आडवा होई, जेवणाचे खाते खानावळवालीकडे महिन्याच्या बोलीने चाले, आणि नव्या मुलाची नोंद होई ती गावाहून आलेल्या एका पोस्टकार्डाने. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे ज्या बी. डी. डी. चाळी बांधल्या, त्यांतल्या एकखोली संसारांतही गावाकडच्या पाहुण्यांची अशीच दाटी झाली. धोबीतलाव आणि माझगाव भागातील गोमंतकीयांच्या कूडींची, म्हणजे गावागावांच्या सामाईक बिऱ्हाडांची, तऱ्हा तर याहून रेखीव. बोटीवर नोकरी शोधणारा दर्यावर्दी आपल्या गावाच्या कूडीत उतरे, सायंप्रार्थनेला हजर राही, अल्पशी वर्गणी भरी, आणि बोट मिळून महिनेच्या महिने समुद्रावर गेला तरी त्याची पेटी भिंतीलगत तशीच राही. जागा त्याची होती ती तो अमक्या कंपनीचा नोकर म्हणून नव्हे, तर अमक्या गावचा माणूस म्हणून. बोटीवरची नोकरी सुटली तरी कूड सुटत नसे. १९८२ च्या गिरणी संपात पगार थांबले तेव्हाही गावच्या खोलीतून सहसा कोणी कोणाचे बोचके बाहेर फेकले नाही. या व्यवस्थेत गर्दी होती, ढेकूण होते, जातीपातीची बंधनेही होती, हे मी विसरत नाही. परंतु माणसाच्या निवाऱ्याची दोरी मालकाच्या हाती नव्हती.

आज ती आहे. ठेकेदार वीस-पंचवीस मुलांसाठी चाळीची एक ओळ आपल्या नावाने घेतो, भाडे पगारातून कापून घेतो, आणि ज्या दिवशी काम संपते किंवा मुलगा उलट बोलतो, त्याच संध्याकाळी खाटही जाते. टाळेबंदीनंतर, जुलै २०२० मध्ये, केंद्र सरकारने शहरी स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना मंजूर केली. रिकामी पडलेली सरकारी घरे वापरात आणणे आणि खाटांची वसतिगृहे उभारणे, या तिच्यातल्या दोन्ही कल्पना स्तुत्य होत्या. परंतु कंपन्यांशी घाऊक करार करून भाडे थेट वेतनातून वळते करून घेण्याची मुभाही तिच्या मार्गदर्शक सूचनांत होती. वसुलीच्या दृष्टीने हे सोयीचे आहे, यात शंका नाही. पण या सोयीने भाडेकरू ठरते ती कंपनी, आणि कामगार तिचा पोटभाडेकरू. जागा राखून देणाऱ्या नियोजित व्यासपीठाने हीच रीत पडद्यावर आणली, तर ते ठेकेदाराच्या वहीची स्वच्छ प्रत होईल, एवढेच. म्हणून माझी पहिली मागणी ही की, पैसे कोणीही भरोत, पावती खाटेवर झोपणाऱ्याच्या नावाची असावी, आणि नोकरी सुटली तरी निदान एक महिना ती रद्द करण्याचा अधिकार त्याच्यावाचून कोणासही नसावा.

ओळख पटवण्याच्या प्रश्नावर असंघटित कामगारांच्या नोंदणीच्या ई-श्रम पोर्टलचा अनुभव डोळ्यांपुढे ठेवावा. २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेल्या त्या पोर्टलवर स्वतःची नोंद स्वतः करण्यासाठी आधारशी जोडलेला मोबाईल लागे, आणि ज्याचा क्रमांक तसा जोडलेला नाही त्याला सेवा केंद्राची वाट धरावी लागे. गावाकडचे सिम बंद, नवे मित्राच्या नावावर, ओटीपी जातो तिसऱ्याच फोनवर, ही या वर्गाची नित्याची अवस्था आहे. जी व्यवस्था तिला अपवाद समजते ती बहुसंख्यांना दाराबाहेर ठेवते. आणखी एक गोष्ट थोडी नाजूक आहे. घरमालक नाव ऐकतो, आडनाव ऐकतो, आणि खोली नुकतीच गेली असे सांगतो. नाव मालकास खाट पक्की झाल्यावरच कळावे, एवढी एक तजवीज केली तर जे पुष्कळ परिपत्रकांनी साधले नाही ते काही अंशी साधेल.

नोंदणीचा परिचित नमुना हवा असेल तर तो रेल्वेचा घ्यावा. दानापूरहून पुण्यास येणाऱ्या गाडीत बसणाऱ्या मुलाला पीएनआर म्हणजे काय, प्रतीक्षा यादी कशी सरकते आणि आरएसीत अर्ध्या बाकावर कसे यावे लागते, हे कोणी शिकवावे लागत नाही. खाटेलाही असाच छोटा क्रमांक असावा, तो साध्या फोनवर संदेशाने यावा आणि प्रतीक्षेतला आपला अनुक्रम ज्याचा त्याला दिसावा. एका गावच्या पाच जणांना एकत्र मागणी करता यावी, पावत्या मात्र पाच निघाव्यात. आणि छठ, होळी किंवा कापणीसाठी माणूस महिनाभर गावी जातो, त्या काळात अर्धे भाडे भरून पेटीसह जागा राखण्याची सोय असावी. कूडीने जे शतकापूर्वी ओळखले होते ते आपल्या ॲपकारांस अजून सुचायचे आहे.

राहिला चाळीचा मालक. तो आपली जागा या दफ्तरी नोंदवील कशाला? नोंद झाली की स्थानिक स्वराज्य संस्थेचा कर लागेल, बांधकामाच्या परवानगीची विचारणा होईल, ही त्याची धास्ती निराधार नाही. त्याला काहीतरी हाती पडले पाहिजे: भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास देण्याचे काम व्यासपीठाने परस्पर करावे, भाडे ठरल्या तारखेस त्याच्या खात्यात जमा व्हावे, आणि संडास-पाण्याची सुधारणा करणाऱ्यास पहिली काही वर्षे करात सूट मिळावी. याउपर, पडद्यावर काहीच जमत नाही अशांसाठी पुणे स्थानकात आणि चाकणच्या चौकात हिंदी, भोजपुरी समजणारा एकेक माणूस खिडकीत बसवावा लागेल. त्याच्या पगाराची तरतूद बांधकाम मजुरांपुरती त्यांच्या कल्याण मंडळाच्या उपकरातून करता येईल. कारखान्यांच्या कामगारांपुरता खर्च मात्र औद्योगिक वसाहतीतील कारखानदारांनीच उचलला पाहिजे, आणि तो कोणाच्याही वेतनातून कापून घेऊ नये.