तीन राष्ट्रपती आणि एक प्रश्न

आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : या देशाला तीन मुस्लिम राष्ट्रपती मिळाले. डॉ. झाकीर हुसेन, फखरुद्दीन अली अहमद आणि डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. अभिमानानं सांगणारे हे सांगतात आणि "मग तुमची तक्रार काय?" असं विचारणारेही हेच सांगतात. दोघांनाही मला एकच विचारावंसं वाटतं : राष्ट्रपतींच्या हातात नेमकं असतं काय?

राज्यघटनेचं कलम ५३ संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींकडे सोपवतं. पण कलम ७४ सांगतं की ती सत्ता पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वापरायची. हा 'सल्ला' शब्द जरा फसवा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला पटला तर आपण ऐकतो, नाहीतर सोडून देतो. राष्ट्रपतींना ती सोय नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं तर सल्ला बंधनकारक असल्याचं स्पष्ट लिहूनच टाकलं. फाशीच्या कैद्याचा दयेचा अर्जसुद्धा याला अपवाद नाही. सही राष्ट्रपतींची, निर्णय मंत्रिमंडळाचा.

म्हणून सल्ला कोण देतं आणि कसा देतं, हा खरा प्रश्न आहे. २५ जून १९७५ च्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधींच्या शिफारशीवरून फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. तोवर मंत्रिमंडळाची बैठकच झाली नव्हती. मंत्र्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावून सांगण्यात आलं. म्हणजे सल्ला मंत्रिमंडळाचा नव्हता, एका व्यक्तीचा होता. पुढच्या एप्रिलमध्ये दिल्लीत तुर्कमान गेटजवळची मुस्लिम वस्ती बुलडोझरनं पाडली गेली, विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला. तेव्हा राष्ट्रपती भवनात मुस्लिम राष्ट्रपतीच होते. त्यांच्या तिथं असण्यानं त्या वस्तीतलं एकही घर वाचलं नाही.

या अनुभवातून देश शिकला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं दोन गोष्टी केल्या. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येणार नाही, ही पहिली. आणि कुठलाही सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार राष्ट्रपतींना मिळाला, ही दुसरी. तोच सल्ला पुन्हा आला तर तो मानावाच लागतो. अधिकार एवढासाच, पण के. आर. नारायणन यांनी तो वापरून दाखवला. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि १९९८ मध्ये बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी परत पाठवली. दोन्ही वेळा केंद्रात वेगवेगळ्या आघाड्यांची सरकारं होती आणि दोन्ही वेळा त्यांना तेव्हा थांबावं लागलं.

कलामसाहेबांच्या कारकिर्दीत दोन्ही बाजू दिसतात. मे २००५ मध्ये परदेश दौऱ्यावर असताना, मॉस्कोतून त्यांनी बिहार विधानसभा बरखास्तीला मंजुरी दिली. सर्वोच्च न्यायालयानं ती बरखास्ती पुढे घटनाबाह्य ठरवली. २००६ मध्ये मात्र लाभाच्या पदांविषयीचं विधेयक त्यांनी संसदेकडे परत पाठवलं. संसदेनं ते पुन्हा मंजूर केल्यावर त्यांना सही करावी लागली, पण दरम्यान देशभर चर्चा झाली.

या सगळ्यात मला कुठंच धर्म निर्णायक दिसत नाही. निर्णायक दिसते ती प्रश्न विचारण्याची तयारी आणि प्रश्न विचारायला जागा ठेवणारी कार्यपद्धती.

याचा अर्थ प्रतिनिधित्वाला महत्त्व नाही असा नाही. उलट, ते कुठं मागायचं हे यातून कळतं. जून २०२४ मध्ये शपथ घेतलेल्या केंद्रीय मंत्रिमंडळात एकही मुस्लिम मंत्री नव्हता. सल्ला जिथं ठरतो त्या टेबलाभोवती वीस कोटींच्या आसपासच्या समाजाचं कुणी नसणं, ही माझ्या मते राष्ट्रपती भवनातल्या नावापेक्षा कितीतरी गंभीर बाब आहे. भूतकाळातली तीन नावं सांगून ती रिकामी खुर्ची झाकता येत नाही. आणि उद्या त्या खुर्चीवर कुणी मुस्लिम बसलाच, तरी तो तोंड उघडतो का, हे आपल्याला पाहावंच लागेल.

सल्लामसलत आपल्याला परकी नाही. कुरआनात 'शूरा' नावाची सूरह आहे. तरीही आपल्या किती जमातींत, किती मशिदींच्या ट्रस्टमध्ये सदरसाहेबांनी आधीच ठरवलेल्या गोष्टीवर बाकीचे फक्त सह्या करतात? स्त्रिया आणि तरुण तर त्या बैठकीला नसतातच. दिल्लीकडे लेखी निर्णय आणि फेरविचार मागणाऱ्यांनी गल्लीतही तेच मागायला हवं. पुढच्या बैठकीला जा. विषयपत्रिका आधी मागा, ठराव लेखी मागा, आणि पटलं नाही तर "एकदा पुन्हा विचार करूया" एवढं तरी म्हणा. राज्यघटनेनं राष्ट्रपतींना दिलेला अधिकारही याहून फार मोठा नाही.