वायर बांधावर, जीव टांगणीला



टेंभू-म्हैसाळचे पाणी आटपाडी-जतच्या माळावर पोचले. माण-खटावात विहीर-बोअरवर ज्वारी जगते. मोटर आम्ही पारखून घेतो आणि वायर मात्र बांधावरून, बाभळीच्या फांदीवरून, कपाशीच्या ओळीतून ओढत नेतो. रात्रीच्या विजेवर पाणी धरायला गेलेल्या माणसाचा पाय नेमका उघड्या जोडावर पडतो. मीटरपुढची वायर वीज कंपनीची नाही, आपली आहे. दिवसा वीज द्या, हे भांडण चालूच राहील. वायर गाडायला मात्र त्याची वाट बघायला नको.

पण नुसती गाडू नका. काळे रान उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि वायर ताणते. वरून नांगराचा फाळ आहेच. काळ्या पॉलिथिलीन पाइपातून न्या. अडीच फूट खोल, वर विटांचा थर. हा पाइप गंजत नाही, गुंडाळीत मिळतो, म्हणून जोड कमी. जोडावाच लागला तर पीव्हीसीचे सोल्युशन त्याला धरत नाही (दुकानदार काहीही सांगो). तापवून जोडा किंवा कपलर लावा. पाइपाच्या आत वायरला जोड कधीच नको. दोन्ही तोंडे बुजवा, नाहीतर उंदीर शिरतात. लोखंडी पाइपातून अर्थिंग मिळायचे, प्लॅस्टिकमधून मिळत नाही. अर्थची तार वेगळी ओढा.

ज्वारी निघाल्यावर रान मोकळे असते, पण दगडासारखे. वळवाचा एक पाऊस पडला की चार शेजाऱ्यांनी मिळून चर काढावा. पुढच्या बैठकीला येताना मीटरपासून विहिरीपर्यंतचे अंतर मोजून आणा. पाइप सगळ्यांचा एकदम घेऊ.